पत, पैसा आणि पहिला तास

व्यापारी घराण्यात पैशाहून पत मोठी मानली जाते. पेढीवर नव्याने बसणाऱ्या मुलाला वडीलधारी मंडळी पहिला पाठ हाच देतात, की एका हंगामातील तोटा पुढील हंगामात भरून निघेल; पण बाजारात एकदा शब्द गेला, तर तो पुन्हा मिळवण्यास एक पिढी खर्ची पडेल. एका गावच्या सराफाने लिहून दिलेल्या हुंडीवर शेकडो कोस दूरच्या गावी रोख रक्कम मोजून मिळत असे, ती केवळ या विश्वासामुळे. आजही भुसार बाजारात, आडतीवर आणि कापडाच्या घाऊक पेठेत लाखोंचे सौदे फोनवरील एका शब्दावर ठरतात.

पत जपण्याचा हाच संस्कार आज मात्र एका प्रसंगी घातक ठरू लागला आहे. घरातील कोणाची ऑनलाइन फसवणूक झाली, की पहिली धडपड ती झाकण्याची असते. बाजारात कळले तर उधारीवर माल देणारे हात आखडतील, नात्यात कळले तर हसे होईल, घरात मुलाच्या किंवा मुलीच्या संबंधाची बोलणी चालू असतील तर त्यांवर सावट येईल, अशा विचारांत दोन दिवस जातात. मग कोणा ओळखीच्या वकिलाचा, कोणा पोलीस अधिकाऱ्याच्या परिचिताचा शोध सुरू होतो आणि त्यात आणखी चार दिवस जातात. तक्रार नोंदवली जाते तेव्हा पैसा हाती लागण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. भामट्याने घेतलेली रक्कम ही फसवणुकीची पहिली हानी होय. मौनामुळे ती रक्कम कायमची जाणे ही दुसरी हानी, आणि ती टाळणे पुष्कळ अंशी घरच्यांच्याच हाती असते.

पहिल्या तासाचे मोल

फसवून घेतलेला पैसा एका खात्यात पडून राहत नाही. तो काही मिनिटांत पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात विभागला जातो. पुढे तो एटीएममधून रोख काढला जातो, त्याचे सोने घेतले जाते किंवा तो आभासी चलनात बदलून देशाबाहेर जातो. म्हणून या गुन्ह्यात घटनेनंतरच्या पहिल्या एक-दोन तासांचे महत्त्व असाधारण आहे.

या तासांचा उपयोग व्हावा यासाठीच केंद्रीय गृह मंत्रालयाने 2021 मध्ये आर्थिक सायबर फसवणुकीच्या तत्काळ नोंदणीची व्यवस्था उभी केली. तिचा देशभरचा दूरध्वनी क्रमांक 1930 हा आहे. या क्रमांकावर खातेदाराचे नाव, बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक सांगितला, की ती माहिती संगणकीय प्रणालीद्वारे ज्या बँकेत पैसा गेला तिच्याकडे पोहोचते. त्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती तेथेच रोखून धरली जाते. पुढे गेली असेल तर पुढील बँकेला कळवले जाते. थोडक्यात, पळणाऱ्या पैशाच्या मागे यंत्रणा धावते. ती किती लवकर निघेल, हे तक्रारदाराच्या पहिल्या फोनवर अवलंबून असते. रोखून धरलेली रक्कम पुढे पोलीस तपास आणि साधारणतः न्यायालयाचा आदेश यांच्या मार्गाने मूळ मालकाला परत मिळू शकते.

या संदर्भात लुधियाना येथील एक घटना व्यापारी कुटुंबांनी विसरू नये अशी आहे. ऑगस्ट 2024 मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख, पद्मभूषण एस. पी. ओसवाल यांना भामट्यांच्या टोळीने गाठले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या आणि वस्त्रोद्योगात आयुष्य घालवलेल्या या उद्योजकाला व्हिडिओ कॉलवर तपास यंत्रणेचे बनावट अधिकारी दाखवण्यात आले. इतकेच नव्हे, तर सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणीही घडवण्यात आली. त्यांच्याकडून 7 कोटी रुपये निरनिराळ्या खात्यांत भरून घेतले गेले. प्रकार लक्षात येताच पोलिसांकडे तक्रार झाली, खाती गोठवली गेली आणि सुमारे 5 कोटी 25 लाख रुपये परत मिळाले. पुढे ओसवाल यांनी हा अनुभव जाहीरपणे सांगितला. एवढ्या मोठ्या उद्योगाचा प्रमुख फसू शकतो हा या घटनेचा अर्धा बोध आहे. उरलेला अर्धा असा, की त्यांनी तो प्रकार दडवला नाही म्हणून बहुतांश रक्कम वाचली, आणि जाहीर सांगितल्याने त्यांच्या नावाला काही उणेपणा आला नाही.

व्यापाऱ्याला गाठण्याच्या वाटा

भामटे सर्वांना एकाच पद्धतीने फसवत नाहीत. नोकरदाराला ते वेगळ्या मार्गाने गाठतात, व्यापाऱ्याला वेगळ्या. व्यापाऱ्याच्या ज्या सवयींवर त्याचा धंदा चालतो, त्याच सवयींचा ते आधार घेतात.

बदललेला खाते क्रमांक. ही रीत पेढीला सर्वाधिक महाग पडते. नेहमीच्या पुरवठादाराकडून बिल येते, मागोमाग ई-मेल किंवा व्हॉट्सॲप संदेश येतो : ‘आमच्या जुन्या खात्याचे लेखापरीक्षण चालू आहे, या वेळची रक्कम पुढील खात्यात भरावी.’ नाव तेच, बोधचिन्ह तेच, बिलाची रक्कमही अचूक. कारण भामट्याने दोहोंपैकी एकाच्या ई-मेलमध्ये आधीच शिरकाव करून सारा पत्रव्यवहार वाचलेला असतो. मुनीमजी विश्वासाने आरटीजीएस करतात, आणि पंधरा दिवसांनी खरा पुरवठादार रक्कम का आली नाही म्हणून विचारतो, तेव्हा घोटाळा उघड होतो. आरटीजीएस व एनईएफटीमध्ये रक्कम खाते क्रमांक पाहून जमा होते, अर्जावर लिहिलेले नाव पाहून नव्हे, ही गोष्ट अनेक जुन्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक नसते. आता पाठवण्यापूर्वी त्या खात्यावरील नाव पाहण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत उपलब्ध करून देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. तिचा उपयोग प्रत्येक नव्या खात्यासाठी करावा. आणि खाते बदलल्याचा निरोप कोणत्याही मार्गाने आला, तरी पेढीच्या जुन्या वहीत असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खातरजमा करावी. ज्या संदेशात नवे खाते आले, त्याच संदेशातील क्रमांकावर फोन करणे म्हणजे चोरालाच साक्षीदार करणे होय.

चुकून आलेले पैसे आणि खोटी पावती. दुकानात गर्दीच्या वेळी ग्राहक मोबाइलवर रक्कम जमा झाल्याचे चित्र दाखवतो आणि माल घेऊन जातो. खात्यात मात्र काहीच आलेले नसते. कधी लष्करी अधिकारी असल्याचे सांगणारा गृहस्थ छावणीसाठी मोठी मागणी नोंदवतो आणि आगाऊ रक्कम पाठवण्यासाठी म्हणून क्यूआर संकेत धाडतो. येथे एकच नियम दुकानातील शेवटच्या पोऱ्यापर्यंत सर्वांना पाठ असावा : पैसे घेण्यासाठी क्यूआर संकेत स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसा जातो, येत नाही. दोन व्यक्तींमधील ‘पैसे मागण्याची विनंती’ ही यूपीआयमधील सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली असली, तरी क्यूआरची युक्ती संपलेली नाही. ‘चुकून पाच हजार आले, परत पाठवा’ असा फोन आल्यास आलेला संदेश न पाहता खात्यातील शिल्लक पाहावी. आणि रक्कम खरोखरच आली असल्यास ती स्वतः परत न पाठवता बँकेला कळवावे.

गणवेशाचा धाक. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले’, ‘तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून हवाला झाला’ अशा वाक्यांनी ‘डिजिटल अटक’ सुरू होते. व्हिडिओवर गणवेशातील माणूस, मागे पोलीस ठाण्याची पाटी, हातात बनावट वॉरंट. कॉल बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचे नाही, अशी ताकीद दिली जाते. प्रतिष्ठेला जपणारा ज्येष्ठ व्यापारी या धाकाला लवकर बळी पडतो, कारण आयुष्यभर त्याने कोर्टकचेरीची पायरी टाळलेली असते. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची कोणतीही तरतूद नाही. व्हिडिओ कॉलवर कोणतीही यंत्रणा अटक करत नाही, आणि चौकशीसाठी म्हणून कोणी खासगी खात्यात पैसे भरून घेत नाही. 27 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या प्रकाराबद्दल देशाला सावध केले होते. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द ऐकताच घरातील दुसऱ्या माणसाला हाक मारणे, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

शेअर बाजाराचा गट. व्यापारी माणसाला नफ्याची भाषा कळते, म्हणून हा सापळा त्याच्यासाठी विशेष धोक्याचा. प्रसिद्ध वित्तीय संस्थेच्या नावाने व्हॉट्सॲप वा टेलिग्रामवर गट तयार होतो. त्यातील बहुतेक सभासद एकाच टोळीचे असतात. एक ॲप दिले जाते, त्यात भरलेल्या लाखाचे आठवड्यात दीड लाख झालेले दिसतात. विश्वास बसावा म्हणून आरंभी दहा-वीस हजार परतही दिले जातात. मोठी रक्कम काढू पाहिली, की ‘आधी कर भरा’, ‘आधी शुल्क भरा’ असा तगादा सुरू होतो. ॲपवरील आकडा हा केवळ रंगवलेला आकडा असतो. सेबीकडे नोंदणी असलेला कोणताही मध्यस्थ निश्चित परताव्याची हमी देऊ शकत नाही. शिवाय 1 ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले यूपीआय पत्ते आणि पैसे भरण्यापूर्वी खाते तपासण्याची ‘सेबी चेक’ ही सोय उपलब्ध झाली आहे. दलालाची पैसे घेण्याची जागा एखाद्या अनोळखी व्यक्तीचे किंवा ट्रेडिंग कंपनीचे चालू खाते असेल, तर तेथेच थांबावे.

बनावट नोटिसा आणि पत्रिका. जीएसटीचे समन्स किंवा थकबाकीची नोटीस ई-मेलने आली, की व्यापारी घाबरतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या पत्रावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. जीएसटीच्या संगणक प्रणालीतून निघालेली नोटीस आपल्या जीएसटी खात्यात प्रवेश करून पाहता येते. कर सल्लागाराला दाखवल्याखेरीज अशा पत्रातील एकही दुवा उघडू नये. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर येणारी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ नसून ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नसून फोनचा ताबा घेणारे ॲप असते. तीच गोष्ट वाहतूक दंडाच्या पावतीची. तसेच बँकेचा किंवा कुरियरचा ग्राहक सेवा क्रमांक इंटरनेटवरील शोधात मिळालेला असेल, तर त्यावर विसंबू नये. कार्डाच्या मागे वा पासबुकावर छापलेला क्रमांकच घ्यावा. भारतीय बँकांची संकेतस्थळे आता ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर आणण्यात आली आहेत, तेवढी खूण पाहून घ्यावी.

आपल्याच माणसाची योजना. वरील प्रकारांत भामटा अनोळखी असतो. काही योजना मात्र ओळखीतून येतात. दरमहा दोन-तीन टक्के व्याज, भिशीतून दुप्पट रक्कम, सोन्याच्या आगाऊ हप्त्यावर भरघोस सूट, आणि शिफारस करणारा नात्यातला किंवा समाजातला. तेथे कागद मागणे संकोचाचे वाटते. सर्वसामान्यांकडून परवानगीशिवाय ठेवी गोळा करण्यास 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी 1999 चा ‘एमपीआयडी’ कायदाही आहे. ठेव घेणारी संस्था कोणाच्या नियंत्रणाखाली आहे, हे विचारण्यात नात्याचा अपमान नाही. बँकेतील ठेवींना व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते, हा भेदही लक्षात असावा.

आपले खाते, दुसऱ्याची चोरी

फसवणुकीची एक बाजू अशी आहे, की जिच्यात व्यापारी स्वतः बळी नसून नकळत साधन ठरतो. ‘तुमच्या चालू खात्यात चार दिवस रक्कम येईल, पुढे पाठवा, एक टक्का तुमचा’ असा प्रस्ताव दुकानदारांना आणि महाविद्यालयीन मुलांना केला जातो. ही रक्कम बहुधा कोणा वृद्धाच्या आयुष्यभराच्या बचतीची असते. जैन आचारात अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरीने आणलेली वस्तू घेणे, हा स्वतंत्र दोष सांगितला आहे. भाड्याने दिलेले खाते हे त्याचे आजचे रूप होय. कायद्याच्या दृष्टीनेही असा खातेदार केवळ अनभिज्ञ ठरत नाही; त्याच्यावर गुन्हा नोंद होऊ शकतो.

याहून वेगळी आणि अधिक त्रासाची अवस्था प्रामाणिक दुकानदाराची होते. सराफाकडे कोणी नाणी घेतो, मोबाइल विक्रेत्याकडे दोन महागडे फोन घेतो, पैसे यूपीआयने देतो आणि जातो. महिन्याने परराज्यातील पोलिसांच्या सूचनेवरून दुकानाच्या खात्यातील रक्कम रोखली जाते, कारण ते पैसे चोरीचे होते. अशा वेळी बँकेशी हुज्जत घालून उपयोग नसतो. बँकेने पोलिसांचे म्हणणे अंमलात आणलेले असते. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि रोखलेली नेमकी रक्कम लेखी घ्यावी. विक्रीचे बिल, खरेदीदाराचे ओळखपत्र, साठा वहीतील नोंद, दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण आणि जीएसटी विवरणपत्र यांसह तपास अधिकाऱ्याला निवेदन द्यावे. केवळ वादग्रस्त रक्कम रोखावी, संपूर्ण खाते नव्हे, अशी विनंती करावी. आवश्यकता भासल्यास वकिलामार्फत न्यायालयात दाद मागावी. हे सर्व ज्याच्या जवळ पक्के बिल आहे त्यालाच शक्य होते. कच्च्या चिठ्ठीवर विक्री करणाऱ्याजवळ स्वतःच्या प्रामाणिकपणाचा पुरावाच उरत नाही.

दाद कोठे मागावी

फसवणूक लक्षात येताच पहिला फोन बँकेला करून कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय बंद करावे. दुसरा 1930 वर. दोन्ही कामे घरातील दोघांनी एकाच वेळी केली तर उत्तम. त्याच दिवशी ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या शासकीय संकेतस्थळावर तक्रारीचा तपशील भरून पोचपावती क्रमांक जपून ठेवावा. संदेश, क्रमांक, पावत्या यांतील काहीही रागाने पुसून टाकू नये. नंतर शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर दिनांकासह शिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला पुढे काही किंमत राहत नाही.

या शिक्क्याचे महत्त्व रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. खातेदाराने न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने खातेदाराची जबाबदारी मर्यादित केली. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक 14 डिसेंबर 2017 रोजी निघाले. त्यांची मूळ चौकट अशी : चूक बँकेची असेल तर खातेदाराची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य; चार ते सात दिवसांत कळवल्यास ती ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे बचत खात्यांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या चालू खात्यांसाठी 10,000 रुपये आणि अन्य मोठ्या चालू वा कॅश क्रेडिट खात्यांसाठी 25,000 रुपये. सात दिवसांनंतर मात्र बँकेच्या धोरणाप्रमाणे. खातेदाराने स्वतःच ओटीपी वा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. म्हणजे येथेही प्रत्येक दिवसाला रुपयांत किंमत आहे, आणि चूक आपली असली तरी लवकर कळवण्यातच हित आहे. आपल्या बँकेचे सध्याचे धोरण तिच्या संकेतस्थळावरून एकदा वाचून ठेवावे.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. 12 नोव्हेंबर 2021 पासून ही व्यवस्था देशभर एकत्रित करण्यात आली असून तक्रार ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ येथे नोंदवता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची आवश्यकताही नाही. पतसंस्था या व्यवस्थेत येत नाहीत; त्यांच्याविषयीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे करावी लागते.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगितले गेल्यास, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी माहिती नोंदवता येते, हे नम्रपणे दाखवून द्यावे. ज्याला आजवर ‘चारशेवीस’ म्हटले जाई, तो फसवणुकीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये आहे.

सदोष वस्तू, खोटी जाहिरात, ऑनलाइन मागवलेला माल न मिळणे अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ही आहे. तेथे न सुटलेला वाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे नेता येतो. वस्तू वा सेवेसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असल्यास दावा जिल्हा आयोगात चालतो, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. परंतु व्यापाऱ्यांनी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पुनर्विक्रीसाठी वा व्यापारी कारणासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला यात सवलत आहे. घरासाठी घेतलेल्या शीतकपाटाची तक्रार आयोगात चालेल, गोदामासाठी घेतलेल्या दोनशे पोत्यांची नाही. म्हणून घाऊक खरेदीत आधीची चौकशी हीच खरी संरक्षक भिंत ठरते. नव्या पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक शासकीय संकेतस्थळावर पाहावा, त्याच्या गावातील आडत्याकडे विचारपूस करावी आणि पहिला व्यवहार लहान ठेवावा.

तक्रारीनंतर आणखी एक सापळा वाट पाहत असतो. ‘तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी शुल्क भरा’ असे सांगणारे तोतया वकील आणि तोतया सायबर तज्ज्ञ फसलेल्यांनाच पुन्हा गाठतात. 1930, पोलीस किंवा लोकपाल यांपैकी कोणीही रक्कम परत देण्यासाठी शुल्क घेत नाही.

घराची आणि पेढीची शिस्त

बँकांमध्ये मोठी रक्कम एका माणसाच्या हाताने कधीही निघत नाही. एक नोंद करतो, दुसरा तपासून मंजुरी देतो. हीच पद्धत पेढीवर आणता येते. बहुतेक बँका व्यापारी नेटबँकिंगमध्ये दोघांच्या मंजुरीची सोय देतात. ठरावीक रकमेपलीकडील प्रत्येक व्यवहार मुनीमजींनी भरावा आणि मालकाने मंजूर करावा. यूपीआयसाठी मर्यादित शिल्लक असलेले वेगळे खाते ठेवावे. कॅश क्रेडिटचे मुख्य खाते मोबाइलशी जोडूच नये. आपल्या नावावर किती सिमकार्ड चालू आहेत हे ‘संचार साथी’वर पाहता येते, आणि संशयास्पद कॉलची नोंद तेथीलच ‘चक्षू’ या सोयीत करता येते.

घरात मात्र तांत्रिक उपायांपेक्षा बोलण्याची मोकळीक अधिक उपयोगी पडते. आवाजाची हुबेहूब नक्कल आता शक्य झाल्याने ‘पप्पा, मी अडकलोय, पैसे पाठवा’ असा फोन आल्यास ओळखीसाठी कुटुंबापुरता एक शब्द ठरवून ठेवावा. आजी-आजोबांना आणि दिवसभर घरी असणाऱ्या गृहिणींना हे प्रकार चहाच्या वेळी गोष्टीसारखे सांगावेत. आणि घरातील कोणी फसलेच, तर पहिल्या तासात त्याला एकही कठोर शब्द बोलू नये. ‘तुला एवढेही कळले नाही?’ असे विचारले गेलेला माणूस पुढच्या वेळी काही सांगत नाही, आणि त्या न सांगण्याची किंमत सर्व कुटुंबाला मोजावी लागते. बोलणी चालू असलेल्या घरांनीही हे समजून घ्यावे, की ज्या कुटुंबाने झालेला प्रकार लपवला नाही, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास एक कारण अधिकच आहे.

मंडळाच्या सभेत, महिला मंडळात किंवा व्यापारी संघाच्या मासिक बैठकीत दहा मिनिटे यासाठी राखून ठेवावीत. फसलेल्या सदस्याने नाव न सांगताही घडलेली पद्धत सांगितली, तरी शंभर घरे सावध होतात. दिवाळीत नवी वही घालताना तिच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते; मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस पुढील चार ओळी लिहून ठेवाव्यात.

आर्थिक सायबर फसवणूक, तत्काळ : 1930
आपल्या बँकेचा खाते बंद करण्याचा क्रमांक : पासबुकावरून पाहून लिहावा
रिझर्व्ह बँक लोकपाल, माहितीसाठी : 14448
राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : 1915

यांतील दुसरी ओळ प्रत्येकाने स्वतः भरावयाची आहे. ती आजच भरलेली बरी. कारण ज्या दिवशी तिची गरज पडेल, त्या दिवशी पासबुक शोधण्यात पहिला तास जाऊ नये.